जिवंतपणी सोनेरी

किटो, ४ मार्च १९८६

प्रिय काका,

जानेवारीत तुम्ही बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली भुंगेऱ्यांची पेटी नीट पोचली. अठरा तासांच्या रस्त्यात एकही टाचणी हलली नाही. कापूस कुणी भरला ते तुम्ही लिहिलं नाहीत. ज्याने भरला त्याच्या हाताला वळण आहे.

पेटी कपाट साफ करताना सापडली, असं तुम्ही म्हणता. तिच्यात तेवीस भुंगेरे आहेत. एकवीस ओळखीचे. उरलेले दोन एकाच जातीचे आहेत आणि ती जात कुठल्याही यादीत नाही. सहा आठवडे तपासून, ब्राझीलमधल्या एका तज्ज्ञाला चित्रं पाठवून मगच हे लिहिते आहे. जात नवी आहे. तिचं वर्णन मी छापणार आहे. माझं हे पहिलंच. लेख जूनअखेर द्यायचा आहे.

हा ढालकिडा आहे. करंगळीच्या नखाएवढा, चपटा, कवचाची कड टोपीच्या काठासारखी बाहेर आलेली. पाय आणि डोकं खाली झाकलेलं. रंग मळकट तपकिरी. म्हणून नाव ‘फुस्का’ ठेवावं असं मनात आहे. तुम्ही पस्तीस वर्षं पाद्र्यांच्या सेमिनरीत लॅटिन शिकवलंत. शब्द बरोबर आहे ना, एवढं तपासून द्या. आमच्यात नाव एकदा छापलं की ते राहतं. पुढे चुकीचं ठरलं तरी राहतं.

टाचणीवर चिठ्ठी आहे. साबानियाची चढण, १९५० मीटर, १२ फेब्रुवारी १९७७, संग्राहक एल. सामानिएगो. ही जशीच्या तशी छापावी लागेल. चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. तिच्यात चूक सापडली तरी तिच्याखाली त्याच टाचणीवर दुसरी चिठ्ठी लावायची. तारखेबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुम्हीही काही लिहू नका.

फोन करू नका. मागच्या वेळी आपण वीस मिनिटं दोन वेगळ्या विषयांवर बोललो.

तुमची,
नुबिया


लोखा, १५ मार्च १९८६

लाडक्या नुबिया,

कान गेलेत, अक्कल शिल्लक आहे. फोनवर तू पावसाबद्दल बोलत होतीस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी बिशपबद्दल बोलत होतो. तसा फार फरक पडत नाही.

तुझं पत्र मी जेवताना वाचलं. मला वाटतं मी मनातल्या मनात वाचतो. शेजारची सोइला म्हणते, गल्लीच्या टोकाला पाववाल्यालाही आता ‘फुस्का’ म्हणजे काय ते माहीत आहे. हल्ली दुपारचं माझं जेवण तीच आणते. केळ्याच्या सूपमध्ये मीठ कमी घालते आणि डॉक्टरचं नाव सांगते.

आता शब्द. तुम्हा लोकांवर माझा जुना राग आहे. आख्ख्या भुंगेरेकुळाला तुम्ही ग्रीक नाव देऊन बसलात. म्यानातले पंख, असा त्याचा अर्थ. लॅटिनकडे काय म्यान नव्हतं? पण आतल्या घराण्यांची नावं आमची आहेत. धान्यातला सोंड्या तो कुर्कुलिओ, रोमन बायका त्याला शिव्या द्यायच्या त्याच नावानं. पिठातला काळा तो तेनेब्रिओ, म्हणजे उजेड टाळणारा, लबाड. मोठ्या शिंगांचा लुकानुस, एका प्रांताच्या नावावरून. त्याची शिंगं रोमन आया पोरांच्या गळ्यात बांधत, आजारपण येऊ नये म्हणून. आणि सिसिंदेला. हा शब्द मेणबत्तीच्या घराण्यातला, शेतकरी काजव्याला म्हणत. तुमच्यापैकी कुणीतरी तो उचलून वाळूत धावणाऱ्या भुंगेऱ्याला लावला. त्याच्यात दिव्याची वातसुद्धा नाही. दोनशे वर्षं झाली, तो बिचारा दुसऱ्याचं नाव घेऊन धावतोय आणि तुम्ही म्हणता नियम आहे.

तुझ्या ढालकिड्याचं घराणं कास्सिदा. कास्सिदा म्हणजे शिरस्त्राण, तेही धातूचं. कातड्याचं असेल तर शब्द वेगळा. रोमन माणूस धातूला कातडं म्हणत नसे. म्हणून तुझं फुस्का मला पटत नाही. फुस्का म्हणजे काळपट, धुरकटलेलं. घोगऱ्या आवाजालाही म्हणतात. आणि हा किडा मळकट नाहीच मुळी. जिवंत असताना तो सोन्याचा थेंब असतो. पानावर कुणी ओली अंगठी दाबून ठेवल्यासारखा. माणसाची सावली पडली की घाबरतो, मिनिटभरात सोनं जाऊन विटकरी होतो. तेव्हा हात लावायचा नाही. बसून राहायचं. आपण हललो नाही की रंग परत येतो. आणि घ्यायचा झाला तर त्याला धरायचं नाही, देठासकट पान कापायचं.

तेव्हा दुसरा शब्द शोध. मीही शोधतो.

सोइला विचारते, तिकडे जेवतेस की नाही.

तुझा,
आब्दोन काका


किटो, २९ मार्च १९८६

प्रिय काका,

जेवते.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. लॅटिनचा भाग तुमचा आहे. बाकीचा नाही.

१९६७ साली तुमच्या स्वयंपाकघरात रातकिडा शिरला होता. तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात आणि मला, वय वर्षे आठ, झाडू आणायला सांगितलंत. असा माणूस ढालकिड्यासमोर न हलता बसून राहात नाही. सावली पडल्यावर मिनिटभरात रंग जातो, हे कुठल्या पुस्तकातून घेतलंत असं मी विचारणार होते. या जातीचं पुस्तकच नाही. ते मी लिहिते आहे.

देठासकट पान कापायचं, हे मला एकाच माणसानं शिकवलं होतं. मी सहा वर्षांची होते.

ते तुमच्या घरी आहेत. कधीपासून, हे सांगायची गरज नाही. पेटी कपाटात सापडली नव्हती, एवढं कळलं. कापूस कुणी भरला तेही.

रंगाबद्दल चूक माझी आहे. या गटातल्या काही जातींचं सोनं मेल्यावर उतरतं, हे मला माहीत होतं. मी ते दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते. नव्या जातीचं वर्णन करताना ती जिवंत पाहिलेल्या माणसाला विचारावं, हेही सांगते. विचारायला एकच माणूस होता, म्हणून विचारलं नाही. नाव छापलं गेलं असतं तर ते तसंच राहिलं असतं. फुस्का रद्द.

लेखासाठी तीन गोष्टी हव्यात. कुठल्या झाडावर सापडला. एका पानावर किती होते. फेब्रुवारीखेरीज दुसऱ्या महिन्यात दिसतो का. संग्राहकाकडून उत्तरं घ्या. त्याखेरीज काही नको.

नुबिया


लोखा, ९ एप्रिल १९८६

लाडक्या नुबिया,

पकडलंस. माझ्या वर्गात चिठ्ठी पास करणाऱ्या पोरांना मी ज्या सहजतेनं पकडायचो, तशी.

तुझा बाप नोव्हेंबरपासून इथे आहे. रस्तामोजणीच्या तळावर खेचरावरून पडला आणि खुबा मोडला. बाहेरच्या खोलीत झोपतो. काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. काठीचा राग करतो. दोघे म्हातारे एका घरात म्हणजे एका डबक्यात दोन बेडूक. तो बोलत नाही, मला ऐकू येत नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

तुझी पत्रं मी वाचतो तेव्हा तो तिकडे खुर्ची ओढून भिंतीशी बसतो. हे मला कळत नाही असं त्याला वाटतं. परवाचं संपल्यावर मी विचारलं, “ऐकलंस?”

“सगळ्या गल्लीनं ऐकलं.”

“मग?”

“मुद्द्याचं लिहिते,” म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला, “तिचे प्रश्न बरोबर आहेत.”

तर उत्तरं. तो बोलला तशी उतरवून घेतली, एक शब्द माझा नाही. पांढऱ्या फुलांची रानवेल, भोंग्यासारखं फूल, रस्त्यापासून तिसऱ्या ओढ्याकाठी. ओढा चढताना डावा काठ, उजवा नाही. एका पानावर एक, क्वचित दोन. ते दोन एकाच पानावरचे. मेअखेरीपर्यंत दिसतो, जूनमध्ये कमी. दुपारी बाराच्या आत बघायचं, नंतर ढग उतरतात.

हे सांगताना त्यानं हातानं पानाचा आकार करून दाखवला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा मी त्याचे दोन्ही हात काठीवरून सुटलेले पाहिले.

एक गोष्ट आहे. ती सांगायची नाही असा शब्द त्यानं माझ्याकडून घेतलाय. मी शब्द दिलाय. त्या तारखेबद्दल तुला माहीत आहे तेवढंच सगळं नाही, एवढं लिहिलं तर शब्द मोडत नाही असं मी धरून चालतो.

आब्दोन काका


किटो, २० एप्रिल १९८६

प्रिय काका,

उत्तरं उपयोगी पडली. संग्राहकाचे आभार सांगा.

तारखेबद्दल लिहू नका म्हटलं होतं. लिहिलंत. तेव्हा माझ्याजवळची माहिती देते. एकदाच.

बुधवार, ९ फेब्रुवारी १९७७. आईची मूत्रपिंडं निकामी झालेली. ते सकाळी जाळी, बरणी, भाकरी घेऊन बाहेर पडले. म्हणाले, “दोन दिवसांत येतो.” कुठे, का, सांगितलं नाही. शनिवारी, १२ तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आई गेली. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे बघत होती. रविवारी पुरलं. शवपेटीला खांदा तुम्ही, सोइलाचा नवरा आणि पाववाल्याच्या दोन मुलांनी दिला. सोमवारी दुपारी ते आले. दार मी उघडलं. गुडघ्यापर्यंत चिखल. शर्टातून बरणी काढत होते. मी विचारलं, “आईला काल पुरलं. तुम्हाला काय मिळालं?” ते म्हणाले, “काही नाही.” बरणी परत शर्टात घातली.

काही नाही, हे खोटं होतं. ते माझ्या टेबलावर टाचणीला आहे. चिठ्ठीवर १२ तारीख आहे. आई गेली त्या दिवशी ते ओढ्याच्या डाव्या काठाला बसले होते, सावली पडू न देता.

त्या वर्षी मी किटोला आले. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. आता ही तारीख माझ्याच लेखात छापून येईल. जगभर वाचली जाईल, म्हणजे चाळीसेक माणसं वाचतील. मी ती बदलणार नाही. आणि ती वेगळी वाचावी, असं माझ्याकडे काही नाही.

शब्द शोधून झाला असेल तर कळवा.

नुबिया


लोखा, २ मे १९८६

नुबिया,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं नाही. बाहेरून हाक आली, “आज वाचत नाहीस?” मी म्हटलं, “चष्मा सापडत नाही.” तो म्हणाला, “नाकावर आहे.” तेव्हा मी कागद नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाला, “वेळ तीन दहाच होती का? मला कुणी वेळ सांगितली नव्हती.” दोन दिवस जेवला नाही. सोइलानं सूपमध्ये मीठ बरोबर घातलं तरी नाही.

म्हणून मी शब्द मोडतोय. बहात्तर वर्षांत हा माझा दुसरा. पहिला देवाला दिलेला होता, आणि तो मोडला म्हणून तर मी पाद्री न होता मास्तर झालो.

तुझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षी तुझा बाप लाउरो तिला साबानियाला घेऊन गेला होता. तिसऱ्या ओढ्यावर देल्फिना थांबली आणि म्हणाली, “कुणाचं तरी कानातलं पडलंय.” पानावर होतं. उचलायला वाकली तर तिची सावली पडली आणि कानातलं विटलं. त्यानं तिला खाली बसवलं. दोघं हलली नाहीत. मग ते परत सोन्याचं झालं. ही गोष्ट तिनं मला शंभर वेळा सांगितली असेल, दर वेळी कानातलं थोडं मोठं व्हायचं.

त्या फेब्रुवारीत डॉक्टरनं ईस्टरपर्यंतची मुदत दिली होती. मंगळवारी संध्याकाळी मी तिच्या खोलीत होतो. ती लाउरोला म्हणाली, “माझं कानातलं आणून दे. मेलेलं नको, टाचणीचं नको. चमकणारं.” तो म्हणाला, आता कसा जाऊ? ती म्हणाली, “ईस्टर लांब आहे. नुबियाला सांगू नकोस, ती तुला जाऊ देणार नाही. मी दोन दिवस दाराकडे लक्ष ठेवीन.”

ती दाराकडे का बघत होती, ते तुला आता कळलं.

गुरुवार, शुक्रवार पाऊस. ढग खाली. शनिवारी सकाळी उघडलं तेव्हा मिळाले, एका पानावर दोन. उतरला तर दरड कोसळून रस्ता बंद. दोन दिवस चालत आला, खिंडीतून. खिंडीत गारठ्यानं मरतील म्हणून बरणी शर्टाच्या आत, उघड्या अंगाला लावून. तू दार उघडलंस तेव्हा ते जिवंत होते, नुबिया. सोनेरी होते. तुला तेच दाखवायला काढत होता. पुढच्या गुरुवारी मेले, तपकिरी झाले. त्यानं टाचणीला लावले. दुसरं काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं.

मी नऊ वर्षं त्याच्या मागे लागलो, सांग पोरीला. दर वेळी एकच उत्तर. “सांगितलं तर ती देल्फिनावर रागवेल, की हिनंच मला पाठवलं. मेलेल्या आईवर कसं रागवायचं तिनं? मी जिवंत आहे. माझ्यावर रागवू दे.”

पेटी मीच पाठवायला लावली. कापूस त्यानं भरला.

आब्दोन


किटो, १० मे १९८६

प्रिय काका,

पत्र मिळालं. तीन मसुदे फाडले, हा चौथा.

तुमच्या माहितीतला एक भाग मी माझ्या बाजूनं तपासू शकते, तो तपासला. त्या सोमवारी दारात मला बरणीत काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. मला ते बरणीचं पितळी झाकण वाटलं. आमच्याकडच्या बरण्यांना झाकण कधीच पितळी नव्हतं. बुचाचं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. जे दिसलं ते बाकीच्या गोष्टींशी जुळत नव्हतं, म्हणून मी ते नोंदीतून वगळलं. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला कामावर ठेवलं नसतं.

ते उशिरा आले हे तसंच राहतं. कारण बदललं. चिठ्ठी राहते.

आईवर रागावले का, असं ते विचारणार नाहीत. तुम्ही सांगा की प्रयत्न केला. एक दुपारभर जमलं. मग तिचं ‘मेलेलं नको, टाचणीचं नको’ आठवलं आणि जमेना.

आता काम. जिवंत रंग ऐकीव माहितीवर छापता येत नाही. मला तो स्वतः पाहावा लागेल. २४ मेची सुट्टी शनिवारी आहे. शुक्रवारी बसनं निघते, शनिवारी सकाळी पोचेन. रविवारी साबानिया. डावा काठ कुठला, हे माहीत असलेला माणूस सोबत लागेल. खुब्याची स्थिती कळवा. खेचर नको, ट्रक कुठपर्यंत जातो ते बघा.

आणि शब्द द्या. ‘उशिरा’ला लॅटिनमध्ये काय म्हणतात?

नुबिया


लोखा, १७ मे १९८६

लाडक्या नुबिया,

उशिराला लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत आणि रोमन शेतकरी त्यांची गल्लत करत नसे. ‘तार्दा’ म्हणजे ढिली, रेंगाळणारी, जिची चूक आहे ती. मंद पोरांच्या प्रगतिपुस्तकात मी हा शब्द पुष्कळ वापरला. दुसरा ‘सेरोतिना’. तो अंजिराला लावतात, पेरणीला लावतात. हंगाम सरता सरता पिकणारं फळ. ते रेंगाळलेलं नसतं, त्याची वेळच ती असते. बाजारात त्याला जास्त मागणी, असं मी तरी वर्गात शिकवायचो. खरं-खोटं अंजीरवाल्याला ठाऊक.

मी लाउरोला विचारलं, तुला कुठला? तो म्हणाला, “माझं नाव नको, एवढं तिला सांग.” मी म्हटलं, तुझं नाव कुणी ठेवत नाहीये. आपलं तिघांचं आडनाव एकच, तिनं ते ठेवलं तर लोक म्हणतील स्वतःचंच ठेवलं. हे त्याला पटलं. तिच्या आईचं? म्हटलं. त्यावर तो काठी उचलून बरणी धुवायला गेला.

ट्रक तिसऱ्या ओढ्याच्या पुलापर्यंत जातो. पुढे वीस मिनिटांची वाट. डॉक्टर म्हणतो चालू नका. सोइला म्हणते डॉक्टरला काय कळतं, आणि हे ती पहिल्यांदाच म्हणाली.

आणखी दोन ओळींना जागा ठेवायची मला ताकीद आहे.

आब्दोन काका

नुबिया, बरणी धुतली. बुचाला भोकं पाडली आहेत. रबरी बूट आण, ओढ्याला पाणी आहे. —ला.


किटो, २१ जून १९८६

बाबा,

हे पत्र काकांनी मोठ्यानं वाचायचं नाही. त्यांना पाववाल्यासाठी वेगळं लिहिते.

लेख आज पाठवला. काय छापून येईल ते तुम्हाला आधी कळावं, कारण संग्राहक तुम्ही आहात.

रंग: जिवंतपणी सोनेरी. सावली पडल्यावर पन्नास सेकंदांत विटकरी. निरीक्षक स्थिर राहिल्यास सहा ते आठ मिनिटांत पुन्हा सोनेरी. या आकड्यांसाठी घड्याळ माझं, स्थिर राहणं तुमचं. मी दोनदा हलले. तुम्ही नुसतं बोटानं खाली बस म्हणालात. मी सहा वर्षांची असताना म्हणायचात तसं.

वीस मिनिटांची वाट आपण एक तास दहा मिनिटांत चाललो. हे लेखात नाही.

नाव सेरोतिना ठेवलं. लेखात नावाचं कारण द्यावं लागतं. मी लिहिलं: ‘लॅटिन, उशिरा पिकणारी, जातीचा खरा रंग नऊ वर्षं उशिरा ओळखला गेला म्हणून.’ उशीर कुणाचा, हे त्यात स्पष्ट आहे. आईचं नाव दिलं नाही. तिला कानातलं हवं होतं.

१९७७ च्या दोन्ही टाचण्यांवर तुमची चिठ्ठी आहे तशीच आहे. तिच्याखाली माझी दुसरी लावली: ‘जिवंतपणी सोनेरी होता. एन. सामानिएगो हिने पाहिला, १४ फेब्रुवारी १९७७.’ आधी मी तिथे मे १९८६ लिहिलं होतं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.

शेवटी तपासलेल्या नमुन्यांची यादी असते. किती आणि प्रत्येक कुठे ठेवलाय, हे लिहावं लागतं. आपण त्या रविवारी तीन आणले. परतताना तुम्ही ट्रक दफनभूमीशी थांबवायला सांगितलात. तिसरी रांग. तुम्ही बूच काढलंत आणि पान आईच्या दगडावर ठेवलंत. तिथे त्याची वेल नाही, तो जगणार नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं तो सोनेरी राहिला. मग उडाला.

यादी अशी दिली आहे: ‘नमुने पाच. दोन १९७७ चे, तीन १९८६ चे. चार किटोच्या संग्रहालयात. एक लोखा येथे, देल्फिना ओचोआ यांच्या संग्रही.’

आजवर लिहिलेल्यांतलं हे एकच वाक्य कुणाला तपासता येणार नाही. संपादकांनी तेच विचारलं तर, म्हणून आधीच खाली टीप घातली: या संग्रहाबद्दल संग्राहकाकडे विचारावं. तुमचा पत्ता दिला आहे. कुणी लिहिलं तर उत्तर द्या.

मी तर लिहीनच. पहिला प्रश्न: डाव्या काठावरची ती दुसरी वेल, जिच्याकडे तुम्ही बघत होतात आणि मला सांगितलं नाहीत. तिच्यावर काय असतं?

नुबिया